उचलेना, उतरेना

आम्ही पाच चुलतभाऊ: थोरले आबा, नाना, बापू, धाकटा आणि मी. जमिनीची वाटणी झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, देव्हाऱ्यातले टाकसुद्धा मोजून वाटले गेले. ट्रॅक्टर तेवढा राहिला. चार चाकं पाच जणांत वाटायची कशी, यावर बैठका झाल्या, चहा झाला, जुनी उणीदुणी निघाली आणि शेवटी तोंडी ठरलं, की ट्रॅक्टर सगळ्यांचा. वापरायला सगळ्यांचा आणि दुरुस्तीला कुणाचाच नाही, हा त्याचा अर्थ भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

दुरुस्ती माझ्याकडे आली, कारण मी बँकेचा पेन्शनर. पेन्शनर म्हणजे रिकामा आणि पैसेवाला, असा आमच्या गावाचा पक्का समज आहे. त्यातलं पहिलं खरं आहे.

ट्रॅक्टर राखाडी रंगाचा फर्ग्युसन आहे, टीई-२० जातीचा. इंग्लंडात कॉव्हेंट्री इथे १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले. त्यातला एक फिरत फिरत कऱ्हाडच्या बाजूला कसा आला, याच्या आमच्या घरात पाच कथा आहेत आणि प्रत्येक कथेत तो आणणारा त्या त्या भावाचा बाप आहे. त्याला स्टार्टरचं बटण नाही. गिअरचा दांडा ‘एस’ अक्षरावर नेला की इंजिन चालू होतं. त्यामुळे हा ट्रॅक्टर कधी चोरीला गेला नाही. एकदा प्रयत्न झाला होता म्हणतात, पण चोराला बटण शोधता शोधता उजाडलं.

तर त्याची लिफ्ट बिघडली. लिफ्ट म्हणजे मागचे दोन हात, ज्यांना नांगर अडकवतात. तास संपलं की ड्रायव्हरने दांडी ओढायची, हातांनी नांगर वर उचलायचा, ट्रॅक्टर वळवायचा आणि पुन्हा खाली सोडायचा. आमची लिफ्ट सकाळी इमानेइतबारे उचलायची. न्याहारीच्या वेळेला आळस द्यायची. उन्हं चढली की संप. नांगर जमिनीत आणि आम्ही बांधावर. मग दोन गडी पळत यायचे, नांगर हाताने उचलून धरायचे, ट्रॅक्टर वळायचा आणि गडी शिव्या देत परत झाडाखाली जायचे. मजुरी ट्रॅक्टरच्या मागे दोन माणसांची वाढली. थोरले आबा म्हणाले, “यापरीस बैलं बरी. त्यास्नी निदान गडी उचलाय लागत न्हाईत.”

बिघाड एकच होता. त्याची निदानं मात्र घरोघरी वेगळी होती.

“तेल पातळ झालंय. घट्ट घाला,” गिरणीवाल्याने सांगितलं.

“तेल घट्ट झालंय. पातळ घाला,” पिठाचा डबा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाने सांगितलं.

निवृत्त गुरुजींनी मला पारावर बसवून पास्कलचा नियम समजावला. पारावरच्या धुळीत काडीने दोन नळकांडी काढली आणि “आता बघा, इकडे दाबलं की तिकडे उचलतं,” असं म्हणून थांबले. मी म्हटलं, “गुरुजी, आमच्याकडे इकडे दाबलं तरी तिकडे उचलत नाही.” गुरुजी म्हणाले, “मग तुमचा ट्रॅक्टर अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.”

माजी सैनिकाने मिल्ट्रीतल्या ट्रकची हकिगत सांगितली. ती लडाखात सुरू झाली आणि माझी दुपार संपली तरी ट्रक पठाणकोटच्या अलीकडे आला नव्हता. नानांच्या सुनेने कुणाची तरी नजर लागल्याचं सांगून पुढच्या लोखंडाला लिंबू-मिरच्या बांधल्या. लिफ्ट मागे असते, हे तिला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्ट नेहमीप्रमाणे उचलली आणि त्याचं श्रेय लिंबाला गेलं. दुपारी नेहमीप्रमाणे बसली, तेव्हा लिंबू वाळलं असं ठरलं.

या सगळ्यात खरं कारण साधं होतं आणि ते सांगितलं मेस्त्रीने, तेही फुकट नव्हे. पण त्याच्याआधी हा पंप काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे.

फर्ग्युसनचा पंप बाहेर कुठे दिसत नाही. तो ट्रॅक्टरच्या पोटात, गिअरच्याच तेलात बुडून बसलेला असतो. चार पिस्टन, समोरासमोर दोन-दोन. मधून जाणारा शाफ्ट फिरला की ते आत-बाहेर होतात आणि तेल दाबाने वर पाठवतात. तेल गरम झालं की पातळ होतं आणि पिस्टन झिजलेले असले की त्यांच्या कडेने गुपचूप निसटतं. म्हणून लिफ्ट सकाळी पैलवान आणि दुपारी आजारी. यात नजर, लिंबू आणि पास्कल यांचा दोष नाही.

आणि या पंपाची एक खुबी आहे, जी मला फार आवडली. त्याचा कंट्रोल व्हॉल्व तेल आत घेण्याच्या बाजूला आहे. उचलायचं काम नसेल तेव्हा व्हॉल्व बंद राहतो, पंप तेल ओढतच नाही, नुसता शांतपणे फिरत राहतो. काम असेल तेवढंच घ्यायचं आणि तेवढंच द्यायचं. हा व्हॉल्व आमच्या गावातल्या माणसांना बसवता आला असता तर पारावर दिवसभर मधमाश्यांचा आवाज ऐकू आला असता. आमच्याकडे मागणी असो-नसो, सल्ल्याचा दाब कायम. उचलली जीभ की लावली टाळ्याला. गावात लिफ्ट काय ती तेवढीच चालू.

हे डोकं ज्याचं, तो हॅरी फर्ग्युसन आयर्लंडचा, काउंटी डाऊनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८८४ चा. स्वतः बनवलेलं विमान त्याने १९०९ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी उडवलं. विमान उचलून झाल्यावर तो नांगर उचलायच्या मागे लागला. उत्साही माणसाची अधोगती अशी होते असं मी एकदा म्हणालो, तर धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, तुम्ही बँकेतनं ट्रॅक्टरखाली आलात त्याचं काय?”

त्या काळी मागे नुसते ओढायचे नांगर असत आणि फाळ खडकात अडकला की ट्रॅक्टर पुढून उठून ड्रायव्हरच्या अंगावर पडायचा. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडला, ट्रॅक्टरचाच अवयव करून टाकला. जमीन कठीण लागली की नांगराचा जोर वरच्या दांडीवरून आतल्या स्प्रिंगवर येतो, स्प्रिंग व्हॉल्वला खबर देते आणि लिफ्ट नांगर किंचित उचलते. ड्रायव्हरने काही करायचं नाही. आमच्या ड्रायव्हरने, म्हणजे बापूने, यातलं शेवटचं वाक्य तेवढं मनावर घेतलं आहे.

पण मला फर्ग्युसन खरा जवळचा वाटला तो त्याच्या व्यवहारामुळे. १९३८ साली त्याने हेन्री फोर्डला नांगरट करून दाखवली आणि दोघांनी नुसता हातात हात देऊन भागीदारी ठरवली. कागद नाही, सही नाही, वकील नाही. पुढच्याच वर्षी फोर्डच्या कारखान्यातून ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. मग म्हाताऱ्या फोर्डच्या जागी नातू कारभारावर आला, १९४७ मध्ये बोली मोडली आणि फर्ग्युसन कोर्टात गेला. मागणी २५ कोटी डॉलरच्या वर. १९५२ साली तडजोड झाली ती ९२ लाख ५० हजार डॉलरवर. पुढच्या वर्षी त्याने आपला धंदा मॅसी-हॅरिस कंपनीत मिसळला, तेव्हा किमतीत १० लाख डॉलरचा फरक पडत होता. तो मिटवायला त्यांनी नाणं उडवलं. फर्ग्युसन हरला.

ही हकिगत मी आमच्या बैठकीत सांगितली. हेतू असा, की तोंडी बोलीवर चाललेल्या मालकीचं काय होतं ते भावांनी समजून घ्यावं आणि वर्गणी काढावी. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. आबा म्हणाले, “नाणं उडवायची कल्पना चांगली हाय.” लगेच नाणं उडवलं. पाच जणांत एक नाणं कसं उडवायचं याची मला शंका होती, पण छापा पडला तर मी खर्च करायचा आणि काटा पडला तर बाकीच्यांनी करायचा, असं ठरलं. छापा पडला. नाणं आबांचं होतं.

मेस्त्री आला. आमच्या भागातला हा नावाजलेला माणूस. नावाजलेला म्हणजे सापडत नाही असा. त्याने ट्रॅक्टर चालू करायला लावला, पान्याचं एक टोक पोटाला आणि दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. बऱ्याच वेळाने डोळे उघडून तो म्हणाला, “च्या सांगा.”

चहा झाल्यावर निदान झालं. “पंप उतरवाय लागंल.”

“किती वेळ लागेल?”

“उतरवाय येक दिस.”

“आणि बसवायला?”

“त्ये सापडलंय काय त्यावर हाय.”

काय सापडल्यावर, ते त्याने सांगितलं नाही. पुढे कळलं, की तो धरून सगळंच सापडावं लागतं.

पहिली अडचण पान्याची. मेस्त्रीचा डबा मिलिमीटरमधला आणि ट्रॅक्टर इंचातला. बहुतेक बोल्टांची डोकी अकरा सोळांश इंचाची. सतराचा पाना बसत नव्हता आणि अठराचा बसून नुसता फिरत होता. मेस्त्रीने अठराच्या पान्यात पत्र्याचा तुकडा घातला, हातोडी मारली, बोल्टाचं डोकं गोल केलं आणि म्हणाला, “आता कुटलाच पाना बसत न्हाई.” हे त्याने अशा समाधानाने सांगितलं, की एक मोठा प्रश्न कायमचा सुटल्याचं मला क्षणभर वाटलं.

वास्तविक फर्ग्युसनने या ट्रॅक्टरसोबत स्वतःचा पाना दिलेला असे. रोजची जवळपास सगळी कामं त्या एका पान्यात व्हावीत म्हणून बोल्टांची मापं मोजकीच ठेवली होती. पान्याच्या अंगावर इंचाच्या खुणा, म्हणजे तासाची खोलीही त्यानेच मोजायची. आमचा पाना कुठे गेला याची चौकशी सुरू झाली. नाना म्हणाले बापूकडे, बापू म्हणाला आबांकडे, आबा म्हणाले तो पाना वाटणीत आलाच नाही, म्हणजे कुणीतरी खाल्ला. जुनं भांडण वर आलं. शेवटी काकू माजघरातून ओरडल्या, “आरं, गोठ्याच्या दाराला काय हाय बगा की!”

गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं लोखंड तोच पाना होता. पिढी बदलली, गाई बदलल्या, दार बदललं, अडसर तोच. मेस्त्रीने तो काढून बोल्टाला लावला आणि बोल्ट अलगद फिरला. आम्ही सगळे त्या करामतीकडे बघत असताना बिनअडसराच्या गोठ्यातून म्हैस बाहेर पडली आणि शेजाऱ्याच्या मक्यात गेली. शेजारी आला. त्याला मका किती गेला ते सांगायचं होतं, पण ट्रॅक्टर उघडलेला बघून तो नुकसानभरपाई विसरला आणि म्हणाला, “स्प्रिंग गेली असंल.”

तेल सोडलं. ते काळं किंवा सोनेरी निघायला हवं होतं. निघालं दुधट पांढरं. मेस्त्रीने बोट बुडवलं, हुंगलं. “निम्मं पाणी हाय.”

गिअरच्या दांड्याच्या बुडाशी एक रबरी बूट असतो. तो फाटला की पावसाचं पाणी दांड्यावरून ओघळून थेट पोटात जातं. गिअर, मागचा एक्सल आणि लिफ्ट, तिघांचं तेल एकच, म्हणजे एकाच्या घशातलं पाणी तिघांना बाधतं. आमचा बूट फाटलेला आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“मी तर पिशवी बांधली होती,” बापू म्हणाला.

पिशवी खरंच होती. मिठाईच्या दुकानाची, तळाला भोक असलेली.

“मी मागल्या पावसाळ्यातच बोललो होतो,” नाना म्हणाले.

“कुणाला?”

“मनाशी.”

तेलाच्या तळाशी गाळ होता आणि गाळात आमच्या घराण्याचा इतिहास. लोखंडाचा कीस, तुटलेली कॉटर पिन, पूर्वीच्या कुणा मेस्त्रीने पुसायला घेतलेल्या चिंधीचा तुकडा, एक वायसर. वायसर कुठलं, यावर चर्चा झाली. मेस्त्रीने ते उजेडात धरून बघितलं आणि खिशात टाकलं.

पंप बाहेर आला. तो धुवायला पसरट भांडं हवं होतं. मी स्वयंपाकघरातली परात आणली. पिस्टन, व्हॉल्व, स्प्रिंगा, सगळं डिझेलमध्ये सुटं करून ठेवलं आणि अंगणात उन्हाला लावलं. तेवढ्यात बायको आली.

“ही परात कुणाची?”

“आपली.”

“माझी. माहेरची. लग्नातली. हिच्यात मी पुरणपोळीचं पीठ भिजवते.”

“धुऊन देतो.”

“द्या. आणि मग ट्रॅक्टरलाच पुरणपोळी घाला.”

त्या वर्षी होळीला आमच्या घरी श्रीखंड झालं. डब्यातलं.

आता सुटे भाग. मेस्त्रीने यादी दिली. यादी म्हणजे एका सिगारेटच्या पाकिटावर “सील-रिंगा समद्या” एवढंच. मी ती घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथे ओतकाम आणि लेथची कामं करणारे एकाहून एक कारागीर आहेत. नमुना द्या, संध्याकाळी जोडीदार घेऊन जा. पण रबराच्या सीलला नमुना म्हणून माझ्याकडे जे होतं, ते हातात घेतल्यावर दुकानदाराने विचारलं, “हे काय आहे?”

“सील आहे.”

“होतं,” तो म्हणाला. “ट्रॅक्टर कुठल्या सालचा?”

मी सांगितलं. त्याने आतल्या म्हाताऱ्या वडिलांना हाक मारली. वडील आले, सीलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मायेने म्हणाले, “अजून चालवताय?”

“मॅसीचं बसेल का?” मी विचारलं.

“बसवलं तर काय बी बसतंय,” म्हातारबा म्हणाले. “चालंल का, त्ये इचारू नका.”

पुण्याच्या जुन्या बाजाराला बुधवारी आणि रविवारी जाऊन बघितलं. एकाने शपथेवर ओरिजिनल फर्ग्युसनचा म्हणून एक पंप दाखवला. तो हातात घेऊन उलटा केला तर त्यावर पेट्रोल पंपाच्या हवेच्या यंत्राचं नाव होतं. “कंपनी एकच असती, शेठ,” तो म्हणाला. मी नको म्हटल्यावर त्याने तोच पंप माझ्यासमोर दुसऱ्या गिऱ्हाइकाला विहिरीच्या मोटारीचा म्हणून विकला.

शेवटी पुतण्याची आठवण झाली. नानांचा थोरला मुलगा बर्मिंगहॅमला कॉम्प्युटरमध्ये आहे. कॉव्हेंट्री तिथून हाकेच्या अंतरावर. त्याला फोन केला.

“काका, इथे तर हे सगळं नवं मिळतं,” तो म्हणाला. “लोक हौसेनं जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतात. रंग देतात, पॉलिश करतात, प्रदर्शनाला नेतात.”

“आणि शेतात?”

“शेतात कशाला नेतील? घाण होईल ना.”

मला आबांचा चेहरा आठवला. ज्या ट्रॅक्टरच्या चाकांवर पट्टे चढवून एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचला, त्या जातीचा आमचा ट्रॅक्टर. हे मी पूर्वी एकदा अभिमानाने सांगितलं होतं, तर आबा म्हणाले होते, “ध्रुवावर नांगरट नव्हती. नुसतं जायचं तर मी बी सायकलवर जाईन.”

पुतण्याने सील आणि रिंगांचा संच घेतला. सुट्टीला आला तेव्हा घेऊन आला. विमानतळावर त्याची बॅग उघडली गेली. “हे काय?” “पंपाची सीलं.” “कशाच्या पंपाच्या?” “काकांच्या.” अधिकाऱ्याने यावर आणखी काही विचारलं नाही, उलट काकांची तब्येत आता कशी आहे अशी चौकशी केली. जाताना पुतण्याने त्या बदल्यात पाच किलो चकलीची भाजणी नेली. तिथल्या अधिकाऱ्याने तीही उघडली म्हणे; पण ती हकिगत त्याची, मला ती सांगायचा हक्क नाही.

बसवाबसवी सुरू झाली. मेस्त्री आता रंगात आला होता. पिस्टनला तेल लावून तो त्यांना दोन बोटांनी असा अलगद आत सोडत होता, की बघणाऱ्याचे हात आपोआप मागे जावेत. हा माणूस बोल्टाची डोकी गोल करणारा तोच का, असा प्रश्न पडावा. पण लगेच पॅकिंगची वेळ आली आणि तो मूळ पदावर आला.

“जाड पुठ्ठा हाय काय? पत्रिका आणा येकादी.”

आमच्या भागात लग्नपत्रिकेचा पॅकिंगसाठी होणारा उपयोग लग्नापेक्षा जास्त टिकतो. घरातल्या सगळ्या पत्रिका बाहेर आल्या. मेस्त्रीने एकेक चिमटीत धरून जाडी बघितली. “ही पातळ.” ती नानांच्या मुलाची होती, नानांचा चेहरा पडला. “ही चालंल. दणकट हाय.” ती बापूच्या मुलीची. “मी तेव्हाच म्हटलं होतं, छपाईत कंजूषपणा करायचा नाही,” बापू म्हणाला आणि सगळ्यांकडे बघितलं. पत्रिकेवरचा गणपती आधी कातरून देव्हाऱ्यात ठेवला. उरलेल्या भागाचं पॅकिंग झालं. आज आमच्या ट्रॅक्टरच्या पोटावरच्या झाकणाखाली “आपली उपस्थिती हाच आमचा आहेर” ही ओळ दाबून बसलेली आहे.

नवं तेल भरलं. नवा रबरी बूट बसवला. नारळ फुटला. सगळी भावकी, शेजारी, गुरुजी, माजी सैनिक, गिरणीवाला, सगळे गोळा झाले. बापू सीटवर चढला. दांडा ‘एस’वर. इंजिन धडधडलं. बापूने लिफ्टची दांडी ओढली.

काही नाही.

पुन्हा ओढली. लिफ्टचे हात लोंबकळत राहिले.

क्षणभर शांतता. मग सगळे एकदम बोलू लागले. गिरणीवाल्याने तेल पातळ आहे म्हणून सांगितलं. गुरुजींनी खडू मागितला. माजी सैनिकाचा ट्रक पठाणकोटहून निघाला. शेजारी म्हणाला, “म्या म्हनलं न्हवतं, स्प्रिंग?” आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “पैसं पान्यात गेलं. ते बी इंग्लंडच्या.” मेस्त्रीने पाना कानाला लावला. यावेळी त्याने चहासुद्धा मागितला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मेस्त्रीचा एक पोऱ्या होता, आठवीतून शाळा सोडलेला. इतके दिवस त्याचं काम मागितलेला पाना सोडून दुसरा आणून देणं. तो घोळक्यातून वाट काढत पुढे आला आणि हळूच म्हणाला, “उस्ताद, पीटीओचा दांडा मोकळाच हाय की.”

पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजारांना देणारा शाफ्ट, आणि या जातीच्या ट्रॅक्टरमध्ये पंप त्याच शाफ्टवर फिरतो. पीटीओचा दांडा टाकला नाही तर शाफ्ट फिरत नाही, शाफ्ट फिरला नाही तर पंप फिरत नाही, मग आत नवी सीलं असोत की सोन्याची. क्लच दाबला तरी तेच. ट्रॅक्टरबरोबर लिफ्टही थांबते. ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाला माहीत होती. ती माहीत असल्याचं प्रत्येकाने त्यानंतर लगेच सांगितलंही.

पोऱ्याने दांडा टाकला. पंप गुणगुणला. लिफ्टचे हात झटक्यात वर गेले.

टाळ्या पडल्या. आबांनी फेटा सावरला. बापूने हात खाली घेण्यासाठी दांडी सोडली.

हात खाली येईनात.

“आता उतरंना!” गर्दीत चैतन्य पसरलं. उचलत नाही या विषयावरचं सगळ्यांचं बोलून झालं होतं. उतरत नाही हा विषय कोरा होता. गिरणीवाला म्हणाला तेल घट्ट आहे. गुरुजी म्हणाले पास्कल एकाच दिशेला लागू पडतो काय ते घरी जाऊन बघतो. शेजारी म्हणाला, “उलटी स्प्रिंग बसवली.” मेस्त्रीने मात्र सुटकेचा श्वास टाकला आणि विचारलं, “तुमच्यात वजनदार कोन?”

फर्ग्युसनची लिफ्ट नांगर जोराने खाली ढकलत नाही. ती फक्त तेलाला वाट करून देते. खाली यायचं ते अवजाराच्या वजनाने. मागे नांगर जोडलाच नव्हता, तर हात कशाच्या जोरावर उतरणार? नाना आमच्यात वजनदार. त्यांना दोघांनी धरून लोखंडी हातांवर बसवलं. नाना सावकाश, डौलात, सगळ्यांकडे बघत खाली आले. राजकारणात इतकी वर्षं घालवून त्यांना असं शांतपणे पायउतार होता आलं नव्हतं.

लिफ्ट तेव्हापासून दुपारीही उचलते. दुरुस्तीचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. आबांच्या मते पाना त्यांच्या गोठ्यातला, म्हणून त्यांचा हिस्सा भरला. नानांचा मुलगा सीलं घेऊन आला, म्हणून त्यांचा भरला. बापूची पत्रिका. धाकट्याच्या पोराने म्हैस परत आणली. उरलो मी. पोऱ्याला मी शंभराची नोट दिली, ती त्याच्या उस्तादाने “पोरगं लहान हाय” म्हणून सांभाळायला घेतली.

तुमच्याकडे असा जुना ट्रॅक्टर असेल तर एक सांगतो. पावसाळ्याआधी गिअरच्या दांड्याचा रबरी बूट बदला, तेल पांढरं दिसलं की काढून टाका, आणि लिफ्ट उचलली नाही तर आधी पीटीओचा दांडा बघा. यात तासही जाणार नाही. फक्त हे करताना अंगणाचं दार आतून लावून घ्या.